गळ तोंडात लागला, पण माशाने तो घेतला होता का?

या वेळी फ्लाय फिशिंगबद्दलची, म्हणजे पिसं-धाग्यांनी गळावर बांधलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासे पकडण्याबद्दलची, पत्रं एकदम आली आहेत. सगळ्यांचा रोख एकच आहे: अमुक पद्धत चालते का, आणि चालत असली तरी ती बरोबर आहे का? मी मालवणच्या मासे खाणाऱ्या घरातली. पुढे मत्स्यशास्त्र शिकवलं आणि हातात फ्लाय रॉड बऱ्याच उशिरा घेतला. मासा मारण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज होणार नाही.

ताई, आम्ही सिएटलला राहतो. जुलैत काही मराठी कुटुंबं मिळून अलास्काला गेलो होतो. तिथे रशियन नदीवर फ्लाय रॉड घेऊन सॉकाय सॅमन पकडले. गाइडने शिकवलं तसं केलं: फ्लाय वरच्या बाजूला टाकायची, शिसं तळाच्या दगडांवर टकटक करत खाली येऊ द्यायचं आणि शेवटी झटका द्यायचा. शेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ रागावून म्हणाले, “ही मासेमारी नाही, हे स्नॅगिंग आहे, माशाच्या अंगात नुसता गळ अडकवणं.” गाइड म्हणाला, सगळं कायदेशीर आहे. मासे आम्ही घरी आणून खाल्ले, पण मनाला रुखरुख लागली आहे. खरं कोणाचं?

कायद्याच्या बाजूने तुमचा गाइड बरोबर होता. अलास्कात गोड्या पाण्यात माशाच्या तोंडाखेरीज दुसरीकडे मुद्दाम गळ अडकवायला बंदी आहे. तसा नुसता प्रयत्न केला तरी तो गुन्हा ठरतो. पाठीला, पोटाला किंवा पराला चुकून गळ लागलाच, तर मासा तिथल्या तिथे सोडावा लागतो. तुमच्या माशांच्या तोंडाला गळ लागला होता आणि तुम्ही दिवसाच्या मर्यादेत राहिलात, तर कायदा तुम्हाला काही म्हणणार नाही.

त्या गृहस्थांचा राग समजायचा तर पाण्याखाली काय चाललं होतं ते बघायला हवं. सॉकाय हा समुद्रात प्लवक गाळून खाणारा मासा. विणीसाठी नदीत शिरला की त्याचं खाणं थांबतं आणि पोट आक्रसत जातं. तो काठालगत, गुडघाभर पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून रांगेने पुढे सरकत असतो आणि श्वासासाठी तोंड सारखं उघडमिट करतो. तुमचा तंगूस (गळाची दोरी) आडवा वाहत येतो, एखाद्याच्या उघड्या तोंडातून सरकत जातो, तुम्ही झटका देता आणि टोकाचा गळ जबड्याच्या कडेला लागतो, तोही बाहेरून आत. तिकडे याला फ्लॉसिंग म्हणतात. पुढच्या खेपेला मासा हातात आला की गळ कोणत्या बाजूने शिरलाय ते बघा. बाहेरून शिरला असेल, तर बहुतेक वेळा त्या माशाने तुमची फ्लाय घेतलेलीच नव्हती.

मत्स्यखात्याला हे सगळं ठाऊक आहे, म्हणूनच रशियन नदीवरचे नियम इतके बारीक आहेत. गळ एकच हवा आणि त्याचं टोक व दांडा यांतलं अंतर ३/८ इंचापेक्षा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरपेक्षा, जास्त नको. शिसं लावायचं तर ते फ्लायपासून निदान १८ इंच वर. तुम्ही भाड्याने घेतलेल्या सामानातही हेच असणार. लहान गळ माशाच्या अंगात सहज रुतत नाही, आणि शिसं गळाला चिकटून नसलं की ते दोन्ही मिळून माशांच्या थव्यातून ओढायचा आकडा होत नाही. तुमच्या मनात काय होतं हे वॉर्डनला काठावर उभं राहून कळणार नाही. गळ आणि शिसं मात्र तो पट्टी लावून मोजू शकतो.

आता रुखरुखीचं. माशाने आपण होऊन गळ घेतला नाही, एवढ्यावरून ते कृत्य वाईट ठरतं असं मला वाटत नाही. रशियन नदी ज्या केनाय नदीला मिळते, तिच्या मुखाशी अलास्काचे रहिवासी लांब दांड्याच्या जाळ्याने सॉकाय काढतात. कुटुंबप्रमुखाला वर्षाला २५ आणि घरातल्या पुढच्या प्रत्येक माणसामागे १० अशी मर्यादा आहे. जाळ्यात मासा काही स्वखुशीने येत नाही, तरी त्यांना कुणी पापी म्हणत नाही. ती हिवाळ्याची बेगमी असते. तुम्हीही मासे घरी नेऊन खाल्लेत. त्याला मासे काढून आणणं म्हणा, कसबाचा खेळ म्हणू नका, म्हणजे त्या गृहस्थांशी तुमचं भांडण उरणार नाही.

खरी चूक पुढे सुरू होते. दिवसाचे तीन मासे भरले, तरी ‘मजा म्हणून’ फ्लॉसिंग चालूच ठेवायचं आणि अडकलेले मासे ओढून, रक्त काढून परत सोडायचे, हे काठावर सर्रास चालतं. मला ते मुळीच पटत नाही. तो मासा महासागरातून परत आलाय. खाणं बंद असल्याने अंगात साठवलेल्या चरबीवर त्याला विणीपर्यंत पोचायचंय. तुमच्याशी झुंजताना गेलेली ताकद त्याला पुन्हा मिळणार नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. तुमच्या शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात, फ्रेझर नदीवर, असंच लांब तंगूस आणि तळाला घासणारं शिसं वापरतात. त्याला बॉटम बाउन्सिंग म्हणतात. फ्रेझरमध्ये एकाच वेळी चिनूक, सॉकाय असे वेगवेगळे सॅमन वर चढतात, आणि कधी चिनूकची मासेमारी खुली असते तर सॉकायची बंद. २००९ मध्ये तिथे सुमारे एक कोटी सॉकाय परततील असा अंदाज होता, आले जेमतेम पंधरा लाख. सरकारला त्यावर न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. पुढच्याच वर्षी जवळपास तीन कोटी मासे आले. ज्या नदीचं वर्षावर्षाचं गणित असं हेलकावतं, तिथे आडव्या वाहणाऱ्या तंगुसाला काय कळणार कोणाचं तोंड उघडं आहे? बंदी असलेल्या जातीचा मासाही तितक्याच सहज लागतो. आपण होऊन फ्लाय घेणाऱ्या माशाच्या बाबतीत फ्लाय, खोली, वेग बदलून हवी ती जात थोडीफार तरी निवडता येते. फ्लॉसिंगमध्ये ती सोय नाही. म्हणून माझं मत असं: जिथे नदीत एकाच जातीचा भरपूर मासा आहे आणि तुम्ही तो खाणार आहात, तिथे करा. मिश्र थव्यात, बंदी असलेली जात बरोबर असताना, कायद्याने मुभा असली तरी करू नका.

मी पुण्याचा. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट पकडायला शिकलो. निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय, पाण्याखाली सोडतो आणि मासा लागल्याचं कळावं म्हणून वर तरंगणारा रंगीत इंडिकेटर लावतो. मित्र म्हणतो, इंडिकेटर म्हणजे गळाचा बोया, हे फ्लाय फिशिंगच नव्हे. ही फसवणूक आहे का?

नाही. हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. इंग्लंडच्या चॉक नद्यांवर (खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या नितळ पाण्याच्या नद्या) फ्लाय फिशिंगवर लिहिणाऱ्या हॅलफर्ड यांच्या अनुयायांना पाण्यावर तरंगणारी फ्लायच सभ्य वाटे. त्यांच्या विरुद्ध मताचे लेखक स्क्यूज यांनी बुडती निम्फ वापरली म्हणून १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर वादसभा झाली. ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच चालतं. तो निम्फ खातो आणि तुम्ही निम्फ दाखवता, यात त्याच्यावर कसलाच अन्याय नाही.

फक्त ज्या पाण्यावर जाल तिथली व्याख्या वाचा. ब्रिटिश कोलंबियात ‘फक्त फ्लाय’ असं जाहीर केलेल्या पाण्यात दोरीला बोया किंवा शिसं लावता येत नाही, त्यामुळे तुमचा इंडिकेटर तिथे बेकायदा ठरेल. मित्राला सांगा, त्याचा आक्षेप अभिरुचीचा आहे. माशाचं त्यात काही बिघडत नाही.

मी झुरिकला नोकरी करते. घरून शाकाहारी आहे. मासा मारायचा नाही, म्हणूनच फ्लाय फिशिंग निवडलं: पकडायचा, फोटो काढायचा, सोडायचा. इथल्या शेजाऱ्यांनी मला चांगलंच फटकारलं, म्हणाले असं इथे चालत नाही. सोडून देणं मारण्यापेक्षा दयाळू नाही का?

तुमचा हेतू चांगला आहे, पण शेजारी बरोबर आहेत. सोडून द्यायच्याच इराद्याने मासे पकडायला स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून बंदी आहे. गळाला उलटा काटा असण्यालाही, काही अपवाद सोडले, तर मनाई आहे. महिन्यापेक्षा जास्त मुदतीच्या परवान्यासाठी आधी प्रशिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागतो. ठेवायचा मासा डोक्यावर फटका देऊन लगेच बेशुद्ध करून मारायचा, हे त्यात शिकवतात. लहान मासा, बंद हंगामातला मासा अर्थातच सोडायचा. पण ‘मी याला खाणार नाही, नुसता खेळवणार आहे’ असं ठरवून नदीवर जायचं नाही. जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदाही याच अंगाने जातो: सबळ कारणाशिवाय कणा असलेल्या प्राण्याला यातना द्यायच्या नाहीत.

यामागे नुसती भावना नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचून पाहिलं. ते मासे अंग डोलवू लागले, खाण्याकडे उशिरा वळले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. माशाला आपल्यासारखं दुखतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण काहीच होत नाही, असं आता छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

आणि तुमचा तो फोटो. कॅनडात १९९२ मध्ये प्रयोगशाळेत दमवलेल्या ट्राउटवर एक प्रयोग झाला. पाण्याबाहेर न काढलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी ७२ टक्के. नदीवर आकडे इतके वाईट नसतीलही. पण ‘जरा कॅमेऱ्याकडे बघ’ म्हणेपर्यंत अर्धं मिनिट सहज जातं, आणि पोहत गेलेला मासा नंतर मेला तर तो तुम्हाला दिसत नाही.

अमेरिकेतल्या काही नद्यांवर मासा सोडणं सक्तीचं आहे, कारण तिथे जंगली मासे मोजकेच उरलेत आणि प्रत्येकाने विणीपर्यंत पोचायला हवं. तिथे तो नियम मला मान्य आहे. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही मासा खात नाही, कधी खाणारही नाही, तर गळ टाकण्याचं कारण उरतच नाही. रॉड विकून टाका असं म्हणत नाही. फ्लाय बांधायला शिका, नदीतले दगड उलटून त्याखालच्या अळ्या बघा, ट्राउट पृष्ठभागावर कधी येतो त्याची वही ठेवा. फ्लाय फिशिंगमधला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे, आणि त्याला गळ लागत नाही.

मॅडम, मी महाडजवळचा, कॉलेजात शिकतो. आमच्याकडे वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे मोठाले मासे आहेत, कोणी मारत नाही. उलटा काटा पक्कडीने दाबून बसवलेल्या गळावर फ्लाय बांधून ते पकडले आणि पाण्यातच सोडले, तर देवीच्या माशाला इजा नाही. मग हरकत काय?

हरकत आहे, आणि ती फक्त देवीची नाही. काळ नदीच्या त्या कोंडीतले महसीर टिकले, कारण पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी त्यांच्यावरचा आपला हक्क सोडला. बाकी नद्यांवर काय होतं ते तू पाहिलंच असशील. सुरुंगाची दारू आणि विष घालून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, तरी ते थांबलेलं नाही. वाळणकोंडीतला मासा माणसाची सावली पडली की पळत नाही, उलट खाऊ मिळेल म्हणून वर येतो. त्याच्यासमोर फ्लाय टाकण्यात कसलं कसब? त्याचा तो विश्वास तुझ्या गावाने कमावलाय, तो तू एकट्याने खर्च करायचा नाहीस. शिवाय आज तू काटा दाबलेला गळ आणलास, उद्या तुझं बघून दुसरा साधा गळ आणेल, आणि त्याला अडवायचा अधिकार तुझ्याकडे उरणार नाही.

रॉड धरणारे सगळे नदीचे वैरीच असतात असं मात्र समजू नकोस. कर्नाटकात कावेरीकाठच्या अभयारण्यात, गळीबोरेच्या कॅम्पात, पाहुण्यांनी पकडून सोडलेल्या महसीरांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. तिथला मूळचा मोठा कुबडा महसीर कमी होत चाललाय आणि बाहेरून सोडलेला महसीर वाढतोय, हे त्याच नोंदींवरून ध्यानात आलं. त्या कुबड्या महसीराची नोंद २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. अभयारण्यातलं ते अँगलिंग (गळाने मासे पकडणं) २०१२ च्या सुमारास बंद झालं आणि त्याबरोबर नोंदीही थांबल्या. कोंडीतले मासे काठावरून मोजणं, पावसाळ्यात ते कुठवर चढतात ते लिहून ठेवणं, हे तुझ्यासारख्याने करण्यासारखं काम आहे. गावकऱ्यांना विचारून कर.

आणि फ्लाय टाकायचीच हौस असेल तर हिमाचलात जा. तिथला ब्राउन ट्राउट मुळात इंग्रजांनी आणून सोडलेला आहे. मत्स्यखात्याचा परवाना काढ, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पाण्यात गळ टाकू नकोस, आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर जाऊ नकोस, त्या काळात तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते.