आर्थिक राष्ट्रवाद आणि संरक्षणवाद एकच का?

प्रश्न असा आला आहे: जागतिक अर्थव्यवस्थेवरच्या लेखांत ‘आर्थिक राष्ट्रवाद’ आणि ‘संरक्षणवाद’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, ते बरोबर आहे का? आणि त्यांच्या जोडीला येणाऱ्या ‘ध्रुवीकरणा’चा इथे अर्थ काय?

माझ्या मते बरोबर नाही. संरक्षणवाद म्हणजे परदेशी माल महाग करून किंवा अडवून देशी उत्पादकाला आडोसा देणे. जुन्या मराठी लेखनात ‘संरक्षक जकात’ असा शब्द भेटतो, तो मला फार नेमका वाटतो. आयात मालावरच्या जकाती वाढवणारा अमेरिकेचा १९३० चा स्मूट-हॉली कायदा हे त्याचे ठळक उदाहरण. हजारावर अर्थतज्ज्ञांचा विरोध डावलून अध्यक्ष हूव्हर यांनी त्यावर सही केली, इतर देशांनीही उलट जकाती बसवल्या आणि मंदीत आधीच खचलेला व्यापार आणखी आटला.

आर्थिक राष्ट्रवाद म्हणजे आर्थिक धोरणात आपल्या देशाचे हित आणि बळ सगळ्यांत पुढे ठेवणे; त्याचा आवाका याहून मोठा. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेने चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घातले. पुढच्याच वर्षी चीनने चिप बनवायला लागणाऱ्या गॅलियम आणि जर्मेनियम या मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. इथे आयात कोणी अडवली? दोघांनी आपल्याच कंपन्यांची विक्री रोखली! याला संरक्षणवाद म्हटले तर वाचकाची दिशाभूल होते. संरक्षणवाद हे आर्थिक राष्ट्रवादाच्या हातातले एक हत्यार, एवढेच.

आता ध्रुवीकरण. साधा मतभेद म्हणजे ध्रुवीकरण नव्हे. मते दोन टोकांना जाऊन मधली जागा ओस पडते, तेव्हा हा शब्द शोभतो. पण पक्ष दोन टोकांना गेले म्हणजे प्रत्येक धोरणावर त्यांचे वाकडेच असेल, असे नाही. ट्रम्प यांनी २०१८ पासून चिनी मालावर लावलेली बहुतेक शुल्के बायडेन यांनी कायम ठेवली आणि २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवरचे शुल्क २५ वरून १०० टक्क्यांवर नेले. ध्रुवीकरणाचा खरा फटका बसतो तो धरसोडीतून. पॅरिस हवामान करारातून अमेरिका बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. कारखाना उभा राहायला काही वर्षे लागतात. नियम निवडणुकीगणिक फिरणार असतील तर उद्योजक गुंतवणूक लांबणीवर टाकतो.

देशांचे व्यापारी गट पडत असतील, तर मात्र तिथे ‘विखंडन’ लिहावे. ‘ध्रुवीकरण’ देशांतर्गत राजकारणासाठी राखून ठेवलेले बरे.