विणकाम शिकायचं आहे, स्वेटरची भीती वाटते. सुरुवात कोणत्या छोट्या वस्तूने करू? यूट्यूबवरून जमेल का?

सुती फडक्याने करा. ओटा पुसायचं, वीतभर, चौकोनी. मफलर नको, स्वेटर तर नकोच.

एवढ्यावर उत्तर संपलं असतं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की शेजारच्या काकूंनी बजावलंय, "वस्तूबिस्तू नंतर. आधी महिनाभर नुसतं विणायचं, उसवायचं, परत विणायचं. हात बसला पाहिजे." ते वाचलं आणि मिरजेचं माजघर डोळ्यांपुढे आलं.

१९८६ चा मे महिना. मी ११ वर्षांची, सुट्टीला मोठ्या मावशीकडे गेलेली. दुपारची जेवणं झाली की ती मला लाल लोकरीचा गुंडा आणि दोन सुया द्यायची. ३० टाके घालायचे आणि सगळ्या ओळी सुलट, म्हणजे विणकामातल्या साध्या टाक्याने, विणायच्या. संध्याकाळी ती माझं विणलेलं खिडकीच्या उजेडात धरायची, भोक दिसलं की त्यात करंगळी घालायची आणि म्हणायची, "उसव." बाकी काही नाही. सुई काढून धागा ओढला की दुपारभराचं काम दोन मिनिटांत सरसर निघून यायचं. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी व्हायची, ती गुंडाळून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तीच घ्यायची. तीन आठवडे हेच. शेवटी त्या लोकरीला इतके तूस सुटले की टाका कुठला आणि तूस कुठला ते कळेना. एसटीने घरी परतले तेव्हा आईने विचारलं, "काय विणलंस, दाखव." दाखवायला काहीच नव्हतं. त्यानंतर मी २५ वर्षं सुईला हात लावला नाही.

मावशी दुष्ट नव्हती. १९६२ च्या युद्धात घरोघरी बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यांत तिचेही होते. बर्फात उभ्या माणसाच्या स्वेटरला भोक चालत नाही, हे तिच्या हाडात भिनलेलं होतं, आणि तिथे ते बरोबरच होतं. पण ११ वर्षांच्या पोरीच्या पट्टीला तोच न्याय कशाला?

माझा खरा राग उसवण्याचाही नाही. भोक का पडतं, हे तिने मला तीन आठवड्यांत एकदाही सांगितलं नाही, त्याचा आहे. सुलट टाका विणताना धागा सुयांच्या मागे हवा. दोन टाक्यांच्या मधून तो नकळत पुढे आला आणि तसाच पुढचा टाका विणला, तर सुईवर एक जास्तीचा वेढा पडतो. पुढच्या ओळीत तो वेढा टाका म्हणून विणला जातो. खाली भोक, वर एक टाका जास्त. माझे ३० चे ३३ व्हायचे ते यामुळे. कारण कळेपर्यंत कितीही उसवा, तीच चूक परत विणली जाते. त्याने हात बसत नाही, चूक बसते.

म्हणूनच मी तिरकं, म्हणजे कोपऱ्यापासून विणत जायचं फडकं सांगते. त्यात तेच भोक मुद्दाम पाडायचं असतं, त्याला जाळी म्हणतात. ४ टाके घालून एक ओळ सुलट विणा. पुढे प्रत्येक ओळीत २ सुलट, मग धागा पुढे आणून एक जाळी, उरलेले सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो. ४४ झाले की उतरायला लागा: १ सुलट, दोन टाके एकत्र, जाळी, पुन्हा दोन एकत्र, बाकी सुलट. दर ओळीला एक टाका कमी होतो. ४ उरले की बंद करा. दोन्ही कडांना जाळीची रांग येते, आणि चौकोन कोपऱ्यापासून वाढत गेल्यामुळे कंटाळा येत नाही. पहिली ओळ चार टाक्यांची, ती कोणालाही जमते.

मी हे २०११ मध्ये एका मैत्रिणीकडून शिकले. पहिल्या फडक्यात नवव्या ओळीत एक नको तिथलं भोक आहे. मावशी नंतर घरी आली तेव्हा तिने जाळीवरून बोट फिरवलं, "ही बरी आलीय" म्हणाली, आणि त्या भोकाशी थांबली. "हे राहिलं गं." मी म्हटलं, राहू दे, ओटा पुसला जातो. ती गप्प बसली. माझ्यासाठी तो वाद तिथे मिटायला हवा होता, पण तुमच्या काकूंनी परत काढला.

आता सामानाचं. सुया ८ नंबरच्या घ्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, १२ नंबर घेऊन बसू नका. धागा सुतीच हवा, मध्यम जाडीचा, फिकट रंगाचा. काळ्यावर टाके दिसत नाहीत. अ‍ॅक्रिलिक लोकर स्वस्त मिळते, पण ती पाणी टिपत नाही. आणि अ‍ॅक्रिलिकचं फडकं करून गरम कढई उचलायला जाऊ नका, ते वितळतं. फडकं जमलं की चष्म्याचं पाकीट करा, ती नुसती दुमडून शिवलेली पट्टी असते. एक ओळ सुलट एक ओळ उलट असा मफलर मात्र करू नका, दोन्ही कडांनी वळून त्याची नळी होते.

एक कबूल करते. चूक चार-पाच ओळींच्या आतच दिसली तर उसवाच, आणि बाळाच्या टोपड्यात किंवा मोज्यात भोक ठेवू नका, इवली बोटं अडकतात. यूट्यूबवरून येतं, मैत्रीण नसेल तेव्हा मीही पाहते, पण टाका सुटला की व्हिडिओ तुमच्या सुईकडे बघत नाही. म्हणून आधी काकूंना एवढंच विचारा, "भोक का पडतं?" सुई हातात घेऊन त्यांनी दाखवलं, तर त्यांच्याच शेजारी बसून शिका.