पहिले पैसे त्यांनीच दिले, मग फसवणूक कशी?

प्रिय संभ्रमात पडलेली,

कॉलेज सांभाळून करता येईल असं काम तुला मोबाइलवर मिळालं. ऑनलाइन वस्तूंना रेटिंग द्यायचं, बस. सुरुवातीला पैसे खरोखर खात्यात आले. आता मोठ्या ‘टास्क’साठी आधी पैसे भर म्हणतात, आणि तेवढे नाहीत म्हटल्यावर ‘तुझं बँक खातं वापरू दे, कमिशन घे’ असं सुचवलंय. फसवायचंच होतं तर आधी पैसे दिले कशाला, असं तू विचारतेस.

त्यासाठीच दिले. तेवढ्यात तुझा विश्वास विकत मिळाला, आणि ते पैसेही बहुधा तुझ्याआधी फसलेल्या कुणाचे तरी असणार. आता पैसे भरलेस तर स्क्रीनवरचा आकडा फुगत जाईल. काढायला गेलीस की आधी ‘कर’ भर, मग ‘गोठलेलं खातं सोडवायचं शुल्क’ भर. तो आकडा त्यांनीच टाकलेला असतो गं! ग्रुपवर कमाईचे स्क्रीनशॉट टाकणारी मंडळीही बहुतेक त्यांचीच.

पण पैसे भरण्यापेक्षा मला खात्याची भीती जास्त वाटते. तुझ्या खात्यात येणारी रक्कम दुसऱ्या कुणाला तरी लुबाडून आलेली असेल. तक्रार झाली की माग काढणाऱ्यांना आधी तुझं नाव सापडणार. तुला सूचना देणारा माणूस तोवर नंबर बदलून मोकळा. खातं गोठेल, चौकशी तुझी होईल, आणि कमिशन घेतलं असेल तर ‘मला माहीतच नव्हतं’ हे पटवणं अवघड जाईल. या कामासाठी विद्यार्थी मुद्दाम हेरले जातात, कारण त्यांच्या व्यवहारांवर सहसा कुणाला संशय येत नाही.

तेव्हा पैसे, ओटीपी, कार्ड यातलं काहीही देऊ नकोस. त्यांच्याशी वाद घालू नकोस. सगळी चॅट, नंबर, व्यवहारांच्या नोंदी आधी जपून ठेव, मगच ब्लॉक कर. खात्याची माहिती दिली असशील तर आजच बँकेला कळव आणि सायबर पोलिसांकडे तक्रार कर. नंतर ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी लागेल’ म्हणणारा कुणी भेटला, तर तो त्याच टोळीतला किंवा तिचा भाऊबंद समज.

त्यांनी ज्या मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं, तिची वेबसाइट स्वतः शोध. त्यांनी पाठवलेली लिंक उघडू नकोस. वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून अशी भरती चालू आहे का, ते विचार. मुलाखत न घेता, फक्त चॅटवर नेमणूक झाली तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती, पण पैशांची गरज असली की माणूस एवढं बघत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि हो, घरी सांगू का, असं विचारलं आहेस. सांग. बाबा रागावतील, रागावू देत. बँकेत जाताना त्यांनाच सोबत ने.

— तुझी ताई