सुरी उचलण्याआधी फिल्म बघ

शवविच्छेदनाला गोळीबाराची पहिली केस आली की हात शिवशिवतात, माहीत आहे मला. तरी आधी एक्स-रे काढ, आणि तोही कपडे अंगावर असतानाच. गोळी कधी कधी आरपार जाऊन शर्टाच्या घडीतच अडकलेली असते.

एकाच फिल्मवर विसंबू नकोस. समोरून आणि बाजूने, दोन्ही हवेत. नाहीतर गोळी मणक्यात आहे की मणक्यापुढे, कळणार नाही. फिल्मवर पट्टी लावून ‘०.३२ बोअर’ असा गोळीचा व्यास लिहायचा मोहही टाळ. गोळी फिल्मपासून जितकी लांब, तितकी मोठी दिसते. बोअर बॅलिस्टिकवाले, म्हणजे बंदूक-गोळ्यांचे तज्ज्ञ, ठरवतील.

छातीत जखम, बाहेर पडल्याची खूण नाही, आणि छातीच्या फिल्मवर गोळीही नाही? पूर्ण अंगाचा एक्स-रे घे. महाधमनीत शिरलेली गोळी रक्ताबरोबर वाहत मांडीच्या धमनीत जाऊन बसू शकते.

दिल्लीच्या एम्समध्ये २०२१ पासून मृतदेहांचं सीटी स्कॅन होतं. आपल्याला साधं मशीन चालू मिळालं तरी नशीब. पण सीटी मिळालंच तर कवटीसाठी सोनं. गोळी शिरते तिथलं भोक हाडाच्या आतल्या बाजूला रुंदावतं, बाहेर पडते तिथलं बाहेरच्या. गोळीभोवती मात्र पांढऱ्या रेघा उमटून चित्र बिघडतं. आणि त्वचेवरची काजळी, बंदुकीच्या दारूचे कण डोळ्यांनीच शोध.

गोळी काढताना दातेरी चिमटा नको, रबर लावलेला घे. बंदुकीच्या नळीतल्या आट्यांचे गोळीवरचे ओरखडे तूच बिघडवलेस, तर प्रयोगशाळेने बंदुकीशी जुळवायचं काय?