डिस्क डॉक्टरला ‘यस’ म्हणायच्या आधी सेटअप उघडा

दाबू नका. तुमचा प्रश्न असा आहे की वडिलांच्या जुन्या ३८६ कॉम्प्युटरवर नॉर्टन डिस्क डॉक्टर हा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्रॅम ‘पार्टिशनमध्ये चूक आहे, दुरुस्त करू का’ असं विचारतोय, मधूनच ‘सेक्टर नॉट फाउंड’ येतंय, तर यस दाबायचं का. असल्याच एका ‘यस’पायी १९९५ साली माझी नोकरी गेली, म्हणून जरा लांबड लावतो.

सांगलीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी हाताखाली होतो. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका पतसंस्थेचं मशीन आलं. सगळ्या खातेदारांचा हिशेब फॉक्सप्रो या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये, आणि बॅकअप म्हणजे मार्चातल्या सहा फ्लॉप्या, त्यातली तिसरी वाचत नव्हती. मशीन चालू व्हायचं, सी ड्राइव्ह दिसायचा, पण फायलींची यादी बघायला डीआयआर मारलं की काही डिरेक्टऱ्या धड आणि काहींच्या जागी हसरे चेहरे नि पत्त्यांतली बदामं.

मी झाकण काढलं. मदरबोर्डवरचा पिंपासारखा सेल गळून आजूबाजूला हिरवट थर धरला होता. सेल गेला, त्यावर टिकणारी सीमॉस, म्हणजे मशीनच्या सेटिंगची मेमरी, पुसली गेली, आणि संस्थेतल्या कुणीतरी सेटअपमध्ये, म्हणजे ती सेटिंगं भरायच्या पडद्यावर, जाऊन डिस्कच्या मापांचा क्रमांक म्हणून टाइप १७ टाकला होता, कारण त्यांच्या आधीच्या मशीनला तोच चालायचा. टाइप १७ म्हणजे ९७७ सिलिंडर, ५ हेड, १७ सेक्टर, ४० एमबी. या डिस्कच्या लेबलवर मात्र १००१, १५, १७ छापलेलं, १३० एमबी. सेक्टर दोन्हीकडे १७च, म्हणून मशीन अर्धवट का होईना उठत होतं. अजिबात उठलं नसतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “साहेब, आधी टाइप ४७ करू, त्यात मापं हातानं भरता येतात, आणि लेबलवरचे आकडे टाकू.” मालक म्हणाले, “बॅड सेक्टर आलेत रे, तू मला शिकवू नकोस.” आणि डिस्कच्या चुका दुरुस्त करणारी चेकडिस्क स्लॅश एफ ही कमांड मारली. लॉस्ट चेन्सच्या, म्हणजे कुठल्याच फायलीला न जोडलेल्या तुकड्यांच्या, फायली करू का? वाय. सीएचके फायलींची रांग लागली. रूट, म्हणजे सगळ्यात वरच्या, डिरेक्टरीत ५१२ नोंदी मावतात, त्या भरल्या, जागा नाही असा मेसेज आला, तर साहेबांनी रूटमधल्याच फायली डिलीट करून परत चालवलं. संस्थेचे मॅनेजर शेजारी बसून चहा पीत होते.

चेकडिस्क काय, डिस्क डॉक्टर काय, सीमॉस सांगेल तीच डिस्क त्यांना खरी. आकडे चुकले की जागेवर असलेलं, कुठली फाइल कुठे आहे ते नोंदणारं टेबलही त्यांना मोडकं दिसतं, आणि ‘दुरुस्ती’ म्हणजे चांगल्यावर वाईट लिहिणं.

रात्री मी ४७ टाकून डिस्क एडिटरमध्ये एकेक सीएचके उघडली. डीबीएफचा, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाइलचा, पहिला बाइट ०३ असतो, पुढे शेवटच्या बदलाची तारीख, मग चार बाइटांत रेकॉर्डांची संख्या. तेवढ्यावर खातेदारांची मास्टर फाइल सापडली. व्यवहारांची तुकडे तुकडे. संस्थेने दोन महिने व्हाउचरांवरून परत टायपिंग केलं, आणि मशीन उघडलं मी, म्हणून दोष माझा.

साहेब अजून लग्नाकार्यात भेटले की डिस्कच खराब होती म्हणतात. ती डिस्क त्यांनी भंगारात काढली तेव्हा मी मागून घेतली होती. टाइप ४७ वर पूर्ण सरफेस स्कॅन केलं, एक बॅड सेक्टर निघाला नाही. त्यांना हे दोनदा सांगितलंय.

तुम्ही आधी लेबलचा फोटो काढा, मशीन चालू होताना सेटअपमध्ये जाऊन आकडे ताडून बघा, मग राइट-प्रोटेक्ट केलेल्या डॉसच्या फ्लॉपीवरून बूट करा. जे वाचलं जाईल ते आधी दुसरीकडे कॉपी. डिस्क डॉक्टर चालवायचाच असेल तर अनडू फाइल फ्लॉपीवर घ्यायला सांगा, त्याच डिस्कवर नको.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर वरचं सगळं विसरा, लगेच बंद करा. ५०४ एमबीपेक्षा मोठी असेल तर आकड्यांइतकंच सेटअपमध्ये नॉर्मल की एलबीए (सेक्टरांना सरळ ओळीनं क्रमांक देणारी पद्धत) हेही महत्त्वाचं, पण ३८६ वर तशी शक्यता कमी. यूएसबी केबल लावून लॅपटॉपला जोडा असं कुणी ना कुणी सांगेलच. एलबीए नसलेली जुनी डिस्क त्यातल्या बऱ्याच केबलींना ओळखताच येत नाही.

आणि वडिलांचं काम मराठीत असेल तर आत सी-डॅकचं जिस्ट कार्ड, म्हणजे पडद्यावर मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड, आहे का बघा. त्याच्याशिवाय इस्कीतला (भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमधला) मजकूर पडद्यावर कचराच दिसतो, फाइल धड असली तरी. तो कचरा बघून काही डिलीट करू नका.