आधी ट्यूब, मग आकडा

रात्री दीड वाजता केलेला तुझा मेसेज मी पहाटे पाहिला. ट्यूबचा फोटो पाठवलास ते बरं केलंस, तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेला पेशंट, 48 तासांचं एनएसईचं (मेंदूला किती इजा झाली त्याचा अंदाज देणारं प्रोटीन) सॅम्पल, आणि सीरम, म्हणजे रक्तातला वेगळा केलेला पातळ भाग, डाळिंबाच्या रसासारखं. आयसीयूतून तीनदा फोन आले, सीनियर म्हणाले ‘रिपोर्ट सोडून दे’, आणि तू खाली ‘हिमोलाइज्ड’, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेलं, असं लिहून तो सोडलास. आकडा 94. वर मलाच विचारतोस, मॅडम, लॅबचं बेंच सोडून डेटाचा कोर्स करू का?

कोर्सचं नंतर बघू. आधी ट्यूब बघ.

एनएसई मेंदूच्या चेतापेशींत असतं तसं तांबड्या पेशींतही भरपूर असतं, हे तुला मी शिकवायला नको. बारीक सुई, जोरात ओढलेला दट्ट्या, आपटत आणलेली ट्यूब, यातलं काहीही पुरतं. पेशी फुटतात आणि तेच प्रोटीन सीरममध्ये उतरतं. त्यातलं मेंदूचं किती आणि सिरिंजच्या चुकीचं किती, हे मशीन सांगत नाही. युरोपातल्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत 48 किंवा 72 तासांना दर मिलीलिटरला 60 नॅनोग्रॅमच्या वर असणं हे वाईट लक्षण धरलंय, तेही एकट्याने निर्णय करण्याजोगं नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो. पण आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या पोराला हे कोण सांगणार? रिपोर्टात 94 ठळक आणि तुझी टीप मुंगीएवढ्या अक्षरात.

मी हे तोऱ्यात सांगते असं वाटेल. तोरा फुकट मिळालेला नाही.

मी नवी होते तेव्हा एक बावीस वर्षांची मुलगी आली होती. पोटात पाणी, सीए-125 (ओव्हरीच्या कॅन्सरसाठी बघतात ते प्रोटीन) सहाशेच्या वर. फॉर्मवर नाव आणि वय, बाकी कोरं. मी क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय ना याची चाचणी, पाहिला, सॅम्पल पुन्हा चालवलं, तोच आकडा आला. मी स्वतःवर खूश. वॉर्डात फोन करून ‘ओव्हरीचं दिसतंय’ असंही बोलून गेले, कुणी विचारलं नसताना. पुढे बायोप्सीत पोटाचा टीबी निघाला. गोळ्यांनी मुलगी बरी झाली, पण तोवर तिची ठरलेली सोयरीक मोडली होती. सीए-125 टीबीत वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, पाळीतही थोडंफार वाढतं, हे सगळं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. आकडा अचूक होता. तो कोरा फॉर्म मात्र मी डोळ्यासमोर असून पाहिला नाही.

त्यानंतर मी शंका आली की सॅम्पल परत पाठवायला लागले, आणि माझं नाव ‘रिजेक्ट मॅडम’ पडलं. रिपोर्ट किती वेळात सुटले याचा तक्ता दर महिन्याला भिंतीवर लागायचा, आणि त्यात मी तळाला. विभागप्रमुखपद माझ्याहून ज्युनिअर, माझ्याहून भरभर काम करणाऱ्या माणसाला मिळालं. मला त्याचं काही वाटलं नाही. म्हणजे, वाटलं. दोन वर्षं वाटत राहिलं. पण मी हट्ट सोडला नाही, आणि आजही त्या तक्त्यापेक्षा माझंच बरोबर होतं असं म्हणते.

आणि ट्यूब बघ म्हणजे नुसता रंग बघ असं नाही रे. लेबलवरची वेळ बघ! डोक्याला मार लागलेला पेशंट आला की जीएफएपी आणि यूसीएच-एल1 या मेंदूतल्या दोन प्रोटीनांच्या तपासणीची जोडी लावतात. अमेरिकेच्या एफडीएने 2018 मध्ये तिला मान्यता दिली ती मार लागल्यापासून 12 तासांच्या आतल्या सॅम्पलसाठी. स्कँडिनेव्हियातल्या 2013 च्या सूचनांत एस100बी या तशाच आणखी एका प्रोटीनला तर सहाच तास दिलेत, कारण ते रक्तातून भराभर उतरतं. शिवाय हाड मोडलं असलं तरी ते वाढतं. सीआरपीचं, म्हणजे संसर्गात वाढणाऱ्या प्रोटीनचं, उलट. यकृताला ते बनवायला वेळ लागतो, सहा-आठ तासांनी चढायला लागतं, शिखर दोन दिवसांनी. ताप भरून तास झाला नाही तोच रक्त काढलं, ‘सीआरपी नॉर्मल’ म्हणून पेशंटला घरी पाठवलं, असं मी पाहिलंय. वेळ नसलेल्या लेबलवरचा आकडा घेऊन कुणी काय करायचं?

कोर्स कर की. शेकडो प्रोटीनं एका दमात मोजणारी पॅनेलं आली आहेत, ती वाचणारी माणसं लागतीलच. पण बेंचला कंटाळून जात असशील तर थांब. त्या मशीनच्या तोंडी जाणार ते हेच डाळिंबी सीरम. मग बघायला तिथे कोण असेल? (सीनियरचं नाव मला कळवू नकोस, ओळखीचं निघालं तर मी भांडायला जाईन.)

आता कामाचं. तो रिपोर्ट आजच मागे घे आणि डॉक्टरांना स्वतः फोन कर. सिस्टमवर दुरुस्ती टाकली की झालं, असं समजू नकोस. रागावतील, ऐकून घे. 72 तासांचं सॅम्पल आज रात्री पडेल ना? तेव्हा तू वर जा. सिस्टरांना आधी सांगून ठेव, जाड सुई, दट्ट्या हलक्या हाताने, ट्यूब हलवायची नाही. ट्यूब स्वतःच्या हातात घेऊन जिन्याने खाली ये आणि तासाच्या आत सेंट्रिफ्यूजला लाव. झाकण उघडलंस की आधी मला फोटो पाठव. मी जागी असेन.