मला काही कमी नाही, मग रडू का येतं?

ताई, मी ४६ वर्षांची, सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते. नवरा चांगला, मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, स्वतःचं घर. तरी चार-पाच महिने झाले, पहाटे तीनला जाग येते. वर्गात क्षुल्लक कारणावरून पोरांवर ओरडते, भाजी चिरताना रडू येतं. मैत्रीण म्हणते काउन्सेलिंग घे. हे म्हणतात, ‘मनाला लावून घेऊ नकोस, हरिपाठ म्हण.’ तिथं जाऊन सांगू तरी काय? आणि गावात कळलं तर?
– एक शिक्षिका

वयाने मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

तू आधी सुखांची यादी दिलीस आणि मग त्रास सांगितलास, जणू रडायची परवानगीच मागतेयस. घटस्फोट, मृत्यू, कर्ज असं दणदणीत कारण असेल तरच जायचं, असं थोडंच आहे! झोप उडाली, चिडचिड होतेय, आणि ते वर्गापर्यंत पोचलंय. एवढं पुरे.

आधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घे. पाळी जाण्याच्या वयातही असा त्रास होतो, तेही विचार. मात्र रिपोर्ट नॉर्मल आले की ‘म्हणजे मीच नाटकं करते’ असा निष्कर्ष काढायचा नाही.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, गरज वाटली तर गोळ्या देतात. मानसशास्त्रज्ञ गोळ्या देत नाहीत, बोलण्यातून काम करतात. पुष्कळांना दोन्ही लागतं. समोरच्याचं शिक्षण, नोंदणी बेधडक विचार. आपण डाळिंबसुद्धा उलटून पाहून घेतो.

काय सांगू, याची तयारी करून जाऊ नकोस. मला लिहिलंस तेवढंच सांग. पुढचं तेच विचारतील: झोप, भूक, माहेर, घरात कुणाला असा त्रास होता का. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही विचारतील. दचकू नकोस, तो नेहमीचा प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता आजच १४४१६ला फोन कर. ही सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही.

सेशन साधारण पाऊण तास ते तासाभराचं, बहुधा आठवड्यातून एकदा. तिथे ‘असं कर, तसं कर’ असा सल्ला मिळत नाही (तो देणारी आगाऊ बाई मी आहे!). घरी लिहून आणायला काहीतरी देतील: चिडलीस तेव्हा नेमकं काय मनात आलं, वगैरे. शिक्षिकेला गृहपाठ! दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जास्तच रडून बाहेर पडशील, कदाचित वाटेल की पैसे वाया गेले. तरी चार-पाच वेळा जा. तेवढ्यानंतरही त्या माणसाशी सूर जुळला नाही तर तसं तोंडावर सांग आणि दुसरं कुणी बघ. त्यांना वाईट वाटेल म्हणून रेटत बसू नकोस.

गावाचं म्हणशील, तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबाबत गोपनीयता पाळणं बंधनकारक आहे; जिवाला धोका असेल असे मोजके अपवाद सोडून. दवाखान्याबाहेर ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असेल तर ऑनलाइन घे, फक्त दार लावता येईल अशी खोली हवी.

राहता राहिला हरिपाठ. तो म्हण की, त्याची याला आडकाठी नाही. नवऱ्याला पटवत बसू नकोस. आठवड्यातली एक संध्याकाळ कुकर तुम्ही लावा, एवढंच सांग.